घरात मराठी चालते

बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतल्या घराला कुलूप लावून मी पहाडावर, मसुरीला गेलो. कुत्र्यालाही सोबत नेलं, कारण मागे त्याला बघायला कुणी नव्हतं.

हॉटेलच्या मॅनेजरने त्याला प्रेमाने तीनदा सांगितलं, "बैठ बेटा, बैठ." तो ढिम्म उभा राहिला. मी "खाली बस" म्हटलं, तसा लगेच बसला.

मॅनेजर हसला. "इसे हिंदी नहीं आती?"

"हमारे घर में मराठी चलती है," मी तोऱ्यात म्हणालो. ग्वाल्हेरात आमच्या पाच पिढ्या गेल्या, तरी हा ताठा सुटलेला नाही.

"अच्छा. घर में और कौन-कौन है?"

मी वाकून कुत्र्याचा पट्टा सोडवायला लागलो. तो मी मघाशीच सोडला होता.