झोपायला तयार नसलेला माणूस

बारा वर्षं भिवंडीत कॅज्युअल्टीची नर्स आहे, तरी आज सकाळी मी एका माणसाला मारलंच असतं.

जवळच्या वडपे गावातल्या गोदामात तोंडावर खोका पडून त्याचा जबडा मोडला होता. स्ट्रेचरवर पुढे वाकून बसलेला, तोंडातून रक्त गळतंय. झोपवलं की उसळून उठायचा, आम्हाला ढकलायचा.

"पिया हुआ है, सिस्टर," त्याचा सुपरवायझर म्हणाला. मी लगेच मानलं. दोघा वॉर्डबॉयनी त्याचे हात धरले, मी खांदे दाबले. "गप झोप!" म्हणून ओरडले.

तो गप झाला. ओठ निळे पडले तेव्हा माझी ट्यूब पेटली. आडवं केलं की रक्त घशात जात होतं, म्हणून तो बसत होता. त्याला उठवून पुढे वाकवलं, घशातलं रक्त मशीनने ओढलं, तेव्हा कुठे श्वास आला. दारूचा वाससुद्धा नव्हता.

"उतर गई लगता है," सुपरवायझर हसला.

त्या माणसाला बोलता येत नव्हतं. त्याने हाताने ढकलल्याची खूण केली आणि माझ्यापुढे हात जोडले. मला ढकललं म्हणून माफी मागत होता.

आणि मी म्हणाले, "ठीक आहे."

तुम्ही काय म्हणाला असता?