रिचचा विरुद्धार्थी शब्द

जगात माणसं दोनच प्रकारची असतात, रिच आणि लीन, आणि तिसऱ्या प्रकारचा माणूस अजून जन्माला यायचाय, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मला माहीत आहे: माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. ह्यात पैशाचा काही संबंध नाही. इंजिनात पेट्रोल जास्त आणि हवा कमी गेली की ते रिच. पेट्रोल कमी आणि हवा जास्त गेली की लीन. रिच इंजिन धूर फार काढतं आणि ताकद कमी देतं. लीन इंजिन आतल्या आत तापतं आणि एक दिवस गपकन बंद पडतं. आतोबांच्या मते नातेवाईक, शेजारी, पुढारी आणि आत्याने केलेली आमटी, सगळं ह्या दोन खणांत बसतं. एकदा माझ्या चुलत बहिणीसाठी मुलगा बघायला त्यांना पाठवलं होतं. परत आल्यावर चप्पल काढता काढता ते म्हणाले, "मुलगा एकदम रिच आहे." घरात आनंदीआनंद झाला, काकूने वाटायला साखर काढली. बोलणी अर्ध्यावर आल्यावर कळलं, त्यांना म्हणायचं होतं की मुलगा नुसता धूर काढतो.

आतोबा भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी बनवणाऱ्या एका गाळ्यात फिटर होते, आणि राहतात जवळच्याच खारी गावात, दोन खोल्यांच्या घरात. दारात पायरीशेजारी त्यांची मोटरसायकल उभी असते. मी मीरा रोडला राहते. बाबा तिथल्याच एका सोसायटीत वॉचमन आहेत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून आत्यावर आणि आतोबांवर मीच लिहावं असं सगळ्यांना वाटतं. मला नीट जमेल की नाही, मला माहीत नाही.

लहानपणी मी तापाने फणफणले की ते डॉक्टरच्या आधी यायचे आणि म्हणायचे, "बाय, प्लग दाखव." प्लग म्हणजे जीभ. स्पार्क प्लग ही इंजिनाची जीभ असते आणि तिचा रंग बघितला की पोटातलं सगळं कळतं, असं त्यांचं शास्त्र होतं. प्लग खाकी म्हणजे तब्येत चांगली, पांढरा म्हणजे लीन, काळा म्हणजे रिच. मी जीभ बाहेर काढायचे, ते चष्मा कपाळावर सरकवून बघायचे आणि आत्याला सांगायचे, "लीन आहे. दोन दिवस तूप वाढव." त्यांची ही विद्या मी इतकी मनापासून शिकले, की पाचवीच्या इंग्रजीच्या पेपरात 'rich'चा विरुद्धार्थी शब्द मी 'lean' लिहिला. बाईंनी लाल फुली मारली. आतोबा दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून शाळेत आले. "बाई," ते हात जोडून म्हणाले, "तुम्ही कधी गरीब इंजिन बघितलंय का?" बाई गोंधळल्या. मग त्यांची स्कूटर सकाळी चालू होत नाही असा विषय निघाला, आतोबांनी तिथेच तिचा प्लग काढून त्यांना दाखवला, आणि काळ्याकुट्ट पुराव्यापुढे बाईंनी मला अर्धा मार्क दिला. तो अर्धा मार्क आतोबांनी पुढे सगळ्या लग्नांत आणि बारशांत सांगितला.

पण ज्या माणसाला गावभरच्या इंजिनांची जीभ वाचता यायची, त्याच्या स्वतःच्या मोटरसायकलचं डावं सिलिंडर आयुष्यभर रिच चालत होतं. गाडी जुनी, पेट्रोलात ऑइल मिसळून चालणारी. दोन सिलिंडर, त्यांना पेट्रोल आणि हवा मिसळून देणारे दोन कार्बोरेटर, दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर. उजवा सायलेन्सर सज्जन होता. डावा काळं, तेलकट थुंकायचा. आणि आत्या साडीत, म्हणून दोन्ही पाय डावीकडे टाकून बसायची. तिच्या एकूण एक साडीच्या काठाला काळे ठिपके होते. केरोसीन झालं, लिंबू झालं, खायचा सोडा झाला, ठिपके गेले नाहीत. माहेरी आली की आई आधी तिच्या पायांखाली वर्तमानपत्र पसरायची. आत्या हसायची. पण घरी गेल्यावर रोज एकच वाक्य असायचं: "अहो, एकदा तरी मला स्वच्छ साडीने घरी आणा."

आतोबांनी काय नाही केलं? दर रविवारी डावा कार्बोरेटर उघडून ताटात मांडायचे, सोनाराने दागिने मांडावेत तसा. फ्लोट बदलला, निडल बदलली, प्लगची वायर बदलली. जेटही बदलला. जेट म्हणजे तांदळाएवढा पितळेचा तुकडा, मधे बारीक भोक. त्यातून पेट्रोल आत जातं. भोक जेवढं मोठं, तेवढा त्याच्यावर कोरलेला नंबर मोठा. त्यांचा नियम असा, की जुना ज्या नंबरचा निघाला त्याच नंबरचा नवा घालायचा. सगळं जोडून ते किक मारायचे, डाव्या सायलेन्सरपुढे तळहात धरायचे आणि काळे ठिपके पडलेला हात लुंगीला पुसायचे. शेजारच्या गुजराती मावशी दोरीवरचे कपडे काढत ओरडायच्या, "अरे भाई, ये डब्बा कबाड़ी को दे दो ने!" आतोबा म्हणायचे, "बेन, आदमी का एक साइड बिगड़ा तो आदमी को बेचते क्या?"

त्यांचा आणखी एक नियम होता, आणि तो ते देवाच्या नियमासारखा पाळत: चालत्याला हात लावायचा नाही. उजवी बाजू चांगली चालतेय, म्हणून उजवा कार्बोरेटर त्यांनी कधीही उघडला नाही.

तीन वर्षांपूर्वी आत्याने एक मोतिया रंगाची साडी घेतली. जवळजवळ पांढरीच. आतोबा चिडले, "ही कुठे नेसणार तू?" ती म्हणाली, "गाडी सुधारली की नेसेन. तुम्हाला जरा घाई व्हावी म्हणून घेतली." साडी घडी न मोडता कपाटात गेली. पुढच्या वर्षी आत्या आजारी पडली. वजन उतरत गेलं. आतोबांचे रविवार मग रोजचे झाले. कामावरून आले की ताट, पाना आणि डावा कार्बोरेटर. आत्या खाटेवरून बघत असायची. "झालं का?" "होतंय गं. आज जवळजवळ सापडलंच होतं."

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी घरात कुणाला सांगितलेली नाही. मी बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेतली आहे. प्रॅक्टिकलला आमच्या मॅडम पहिल्यापासून बजावतात, नुसतं बिघडलेल्याकडे बघत बसू नका, चांगल्याशी ताडून बघा. त्या दिवसांत एकदा मी पायरीवर बसले होते आणि माझ्या मनात आलं, विचारावं, आतोबा, उजवीकडे कितीचा जेट आहे? तोंडापर्यंत आलं होतं. पण त्यांनी चाळीस वर्षं इंजिनं उघडली होती, आणि मी दोन वर्षं ब्युरेट धरला होता. आम्हाला घरात मोठ्यांना शिकवायची सवय नाही. मी गप्प बसले.

आत्याला हॉस्पिटलात नेलं ते रिक्षातून. आत बसताना तिने काठ गोळा केला आणि म्हणाली, "बरं झालं रिक्षा आणलीत. साडी तरी स्वच्छ राहील." आम्ही सगळे हसलो. आतोबा हसले नाहीत. आठव्या दिवशी ती गेली. सवाष्ण गेली म्हणून तिला हिरवी साडी नेसवली. मोतिया साडी कपाटातच राहिली.

गल्लीच्या तोंडाशी मंडळाचा फळा आहे. त्यावर कुणीतरी सुवाच्य अक्षरात आत्याचं नाव लिहून पुढे लिहिलं होतं, 'ईश्वरचरणी लीन झाल्या'. आतोबा स्मशानातून येताना त्या फळ्यापाशी थांबले. मी शेजारी होते. बराच वेळ त्यांनी ते वाचलं. मग हळूच मला म्हणाले, "बाय, हा तोच ना गं, तुझ्या पेपरातला?" मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाच कळलं नाही.

वर्षश्राद्ध झालं त्याच्या पुढच्या रविवारी मी गेले, तर ताट पुन्हा मांडलेलं होतं. मी म्हटलं, "आता कशाला, आतोबा?" ते म्हणाले, "तिला होतंय होतंय सांगत राहिलो ना." मग मी विचारलं. एवढ्या उशिरा विचारलं. "उजवीकडे कितीचा जेट आहे?"

"उजवा चालतोय. त्याला कशाला हात लावायचा?"

"फक्त वाचायला. परत लावू."

मला वाटलं रागावतील. पण त्यांनी पाना उचलला आणि उजवा कार्बोरेटर आयुष्यात पहिल्यांदा उघडला. दोन्ही जेट तळहातावर घेतले, भिंग लावलं. डाव्यावर एकशे दहा. उजव्यावर शंभर. त्यांनी भिंग पुसून पुन्हा बघितलं. मग पायरीवर बसले.

"मीच घातलाय हा," ते म्हणाले. "लग्न झालं त्या महिन्यात. ती डावीकडे बसणार, वजन सगळं डावीकडे येणार, म्हटलं त्या बाजूला थोडी ताकद जास्त असू दे. तिला चढावर भीती वाटायला नको." मग म्हणाले, "आणि विसरलो. दर वेळी एकशे दहा काढला आणि एकशे दहाच घातला." मला त्यांना सांगायचं होतं की हे विचारावं असं मला आधीच सुचलं होतं. तेव्हाही सांगता आलं नाही. इथे लिहिते आहे.

दुसऱ्या रविवारी त्यांनी शंभरचा नवा जेट डावीकडे बसवला आणि आतून ती साडी आणून माझ्यासमोर धरली. "नेसशील का? खाडीपर्यंत जाऊन येऊ." मला साडी नीट नेसता येत नाही, गुजराती मावशींनी निऱ्या घालून दिल्या. मी दोन्ही पाय डावीकडे टाकून बसले. आतोबांनी किक मारली आणि मागे न बघता, वर्षानुवर्षांच्या सवयीने म्हणाले, "पदर सांभाळ." मिठागरांच्या कडेकडेने आम्ही खाडीपर्यंत गेलो. चढाला त्यांनी गाडी फार सावकाश घेतली. परत आलो, मी उतरले, तसे ते गुडघ्यावर बसले आणि साडीचा काठ दोन्ही हातांवर घेऊन ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेले. एक ठिपका नव्हता.

"आणलं बघ," ते म्हणाले. माझ्याशी नव्हे.

ती साडी त्यांनी मला देऊ केली. मी घडी करून परत कपाटात ठेवली. एकशे दहाचा जेट आत्याच्या कुंकवाच्या करंड्यात आहे. गाडी आता एका किकमध्ये चालू होते, पण आतोबा तिच्यावरून फारसे कुठे जात नाहीत. सकाळी फक्त चालू करतात, डाव्या सायलेन्सरपुढे तळहात धरतात, जरा वेळ ऐकतात आणि बंद करतात. मग तो हात लुंगीला पुसतात. पुसण्यासारखं त्यावर काही नसतं.