देवघरातलं पिस्तूल

आज आष्ट्यात डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

मी जुन्या हत्यारांचा अभ्यास करतो. एका निवृत्त सुभेदारांनी घरातलं ठासणीचं, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायचं पिस्तूल बघायला बोलावलं होतं. काही जुन्या पिस्तुलांना, आपटून बार उडवणारा घोडा अडवून धरणारी वेगळी कडी असते. याला तीही नाही. घोडा अर्धा ओढून खाचेत अडकवायचा, एवढीच सेफ्टी. आणि ती खाच पार झिजलेली, म्हणजे धक्का लागला तरी घोडा सुटणार.

"नळी तपासलीय का?" मी विचारलं.

"आवं सर, देवघरातलं हाय. दसऱ्याला पुजतो. त्यात कोण काठी घालतंय?"

फौजेत आयुष्यभर पोरांच्या रायफली तपासलेला माणूस हे बोलत होता. शिस्त काय फक्त सरकारी हत्याराला असते?

मी एक बारीक काठी बाहेरून नळीला लावून तिच्यावर नळीच्या लांबीएवढी खूण केली, मग हळूच आत सरकवली. नळी रिकामी असती तर खूण तोंडाशी आली असती. खूण चार बोटं बाहेरच राहिली. आत बार भरलेला होता.

सुभेदार म्हणाले, "एवढा दसरा हू द्या, मग दावू कुणाला तरी."

भिंतीवर गेल्या दसऱ्याचा फोटो होता. त्यात हेच पिस्तूल नातीच्या हातात, आणि रोख तिच्या धाकट्या भावाच्या तोंडावर.

तुमच्या घरात पुजलं जाणारं हत्यार आतून कुणी बघितलंय का?