पाइपांवरचे झेंडू

खंडेनवमीला भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये पूजेच्या ताटातली निम्मी फुलं विजेचं ऑडिट करणारे साहेबच संपवतात. चाकणच्या एका मोठ्या कंपनीने आम्हाला सुनावलं होतं, की वीज कमी जाळा, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे देतो. तेव्हा मालकांनी या साहेबांना बोलावलं. त्यांनी दिवस मागितला तो खंडेनवमीचा. त्या दिवशी सगळी मशिनं हार घालून गप्प बसलेली असतात, त्यामुळे नुसता कॉम्प्रेसर चालू ठेवला की हवेच्या पाइपांतली गळती ऐकू येते. हवा गळली की ती भरून काढायला कॉम्प्रेसर जास्त चालतो आणि वीज फुकट जाते.

बोलता बोलता ते मध्येच "थांबा राव" म्हणतात आणि मान तिरकी करून पाइपाच्या मागे लागतात. हवा फुसफुसते तिथे झेंडूची पाकळी धरतात. पाकळी थरथरली की खूश होऊन तिथे अख्खं फूल खोचतात. "हे बघा, तुमची वीज इथून पळते." पहिल्या वर्षी मशिनांपेक्षा पाइपच जास्त नटले होते.

फूल दिसेल तिथे आम्ही दुरुस्ती करत गेलो. ऑर्डर टिकली. यंदा आधी तपासलं, तर एकही गळती उरली नव्हती. साहेब हातात फूल घेऊन हिरमुसलेले मला बघवले नसते, म्हणून मी सकाळीच मागच्या भिंतीजवळचा एक नट ढिला करून ठेवला.

त्यांनी तो शोधला, फूल खोचलं आणि पाना मागून घेऊन स्वतःच आवळला. मग पेढा तोंडात टाकत माझ्या कानाशी म्हणाले, "पुढच्या वर्षी जरा अवघड जागी ठेवा."