तार कापल्यावर वाजलेला फोन

छापखान्यात तिला सगळे चूकबाई म्हणत. तीस वर्षं प्रुफं तपासून तिची नजर अशी झाली होती की दुकानाच्या पाटीवर आधी चुकलेली वेलांटी दिसे, मग दुकान. माणसांच्या बाबतीतही तेच. “म्हणूनच एकट्या राहिलात,” असं वहिनी तोंडावर म्हणे.

एका जुन्या सिनेमापुढे मात्र तिचं काही चालत नसे. रविवारी दुपारी तो जवळच्या थेटरात लागायचा. सुटकेस बदलते, मागे मारेकरी लागतात आणि एक देखणा अनोळखी माणूस नायिकेला वाचवत राहतो. शेजारच्या खोलीत मढं, आणि ही दोघं गच्चीत एकमेकांची थट्टा करतायत! चूकबाई खुदुखुदु हसे, दुसऱ्या क्षणी खुर्चीचा हात घट्ट धरी. पण नायक तीनदा खोटं बोलतो, नायिका तीनदा विरघळते आणि ‘तू आहेस कोण?’ एवढं काही धड विचारत नाही. हे तिला पटत नसे.

एका रविवारी पडद्यावर फोन खणखणला आणि शेजारच्या खुर्चीतला साठीचा गृहस्थ पुटपुटला, “मघाशीच तर तार कापली होती!”

इतक्या वर्षांत ती चूक दुसऱ्या कुणाला दिसली नव्हती. मध्यंतरात दोघांनी चहा घेतला. तो म्हणाला, “घड्याळं दुरुस्त करतो. पोस्टासमोर दुकान आहे.”

चार रविवार असेच गेले. पण घड्याळजीचं स्वतःचं घड्याळ वीस मिनिटं मागे? आणि कप कायम दोन्ही हातांनी का धरतो? तिला चैन पडेना. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ती पोस्टासमोर गेली. तिथे चपलांचं दुकान होतं. “घड्याळवाले? दोन वर्षं झाली बंद करून,” दुकानदार म्हणाला.

सिनेमातल्या बाईला आपण मूर्ख म्हणतो, आणि आपण काय केलं? ती स्वतःवरच चरफडली. पुढच्या रविवारी थेटराच्या दारातच तिने त्याला अडवलं.

“तिथे चपला विकतात. तुम्ही कोण आहात?”

त्याचा चेहरा उतरला. “घड्याळजीच होतो. हात थरथरायला लागले, स्क्रू धरता येईना. घरी मुलाला, सुनेला अजून ठाऊक नाही. रोज डबा घेऊन निघतो आणि वाचनालयात बसतो.”

“खरं कशावरून?”

त्याने खिशातून वाचनालयाचं कार्ड काढून पुढे केलं.

“आधी घरी सांगा,” ती म्हणाली, “मग माझ्याशी बोला.” आणि एकटीच आत गेली.

आठवड्याने तो सुनेला घेऊन आला. सुनेने चूकबाईला नखशिखांत न्याहाळलं. “बाबांना बोलतं केलंत ते तुम्हीच का? तुमचा यात काय हेतू?”

प्रश्न चूकबाईला फार आवडला. “चला, चहा घेताना सांगते,” ती म्हणाली.

पुढे छापखान्यात मूळ प्रत मोठ्याने वाचून दाखवायला माणूस हवा होता. तिने त्याचं नाव सुचवलं. वाचायला हात लागत नाहीत. लग्नबिग्न काही झालं नाही. तो समोर बसून वाचतो, ती तपासते. आणि एखादी ओळ त्याने गाळली असावी असं वाटलं, की कागद त्याच्या हातून ओढून घेऊन स्वतः बघते.