आवळलेली फाइल

आमचे हे म्हणजे कमालीचे जपून वागणारे. दाराला कुलूप लावून जिना उतरतील आणि परत वर जाऊन ओढून बघतील. घशाच्या रुग्णालयातला डेटाबेस हेच सांभाळतात. मी खाली चौकशीच्या खिडकीत बसते. यांचा एक नेम होता: नोंदींचं टेबल डिलीट केलं तरी आठवडाभर फाइल आवळायची नाही. मला समजावायचे, "अगं, डिलीट केलं की आतली जागा नुसती रिकामी म्हणून नोंदली जाते. फाइल तेवढीच मोठी राहते आणि जुनं सगळं आत पडून असतं. कोणी बोंबलत आलं तर खटपट करून काढता येतं. एकदा आवळली, म्हणजे ती रिकामी जागा काढून फाइल लहान केली, की मात्र कायमचं गेलं." या नेमापायी मला या माणसाचं केवढं कौतुक! जळलं मेलं ते कौतुक.

ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज जाणार, त्यांचा आवाज आम्ही आधी भरून ठेवतो. पुढे बोलकं यंत्र आलं की ते त्यांच्याच आवाजात बोलतं. डिस्क भरली तसं साहेबांनी फर्मान काढलं, जुने आवाज उडवा. यांनी उडवले. बॅकअपमध्ये आवाज साहेबांनी कधी ठेवूच दिले नव्हते. तरी स्क्रीनवरची डिस्क भरल्याची पट्टी लालच! साहेबांचा नुसता थयथयाट. "एवढं डिलीट केलंत, मग जागा गेली कुठे? आज यंत्रणा बघायला पाहुणे येणार आहेत, त्यांना ही लाल पट्टी दाखवू?"

तेवढ्यात माझ्या खिडकीशी ऑपरेशन झालेल्या शिंपीणबाई आल्या. गळ्याला रुमाल, हातात पाटी. पाटीवर लिहिलं होतं, 'यंत्र आलं. माझा आवाज द्या.' चेहरा नुसता फुललेला. मी धावत वर गेले.

"अहो, शिंपीणबाई आल्यात. त्यांचा आवाज?"

"आहे अजून आत. काढतो," हे म्हणाले, "पण उद्यापर्यंत वेळ लागेल."

"उद्या?" साहेब कडाडले. "एका बाईसाठी मी पाहुण्यांपुढे नाक कापून घेऊ? आत्ता आवळा ती फाइल."

मला वाटलं, आता हे ठणकावतील. कसलं काय! माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "साहेब म्हणतात तर..." असं पुटपुटले आणि फाइल आवळायला लावली. पट्टी हिरवी झाली. साहेबांनी पाठ थोपटली, आणि हे हसले. शी! घाबरले असते तर मी समजून घेतलं असतं. पण हसले हो!

शिंपीणबाईंच्या यंत्रात शेवटी कंपनीचा तयार आवाज भरला. त्यांनी माझ्याच खिडकीतून घरी फोन लावला, यंत्र रिसीव्हरशी धरलं. यंत्र म्हणालं, "आई, मी बोलतेय."

पलीकडून म्हातारीचा आवाज आला, "कोण मी? माझी लेक बाहेर गेलीय, बाई. नंतर करा." आणि फोन ठेवला.

शिंपीणबाई रिसीव्हर धरून तशाच उभ्या. हे डबा घ्यायला खाली आले होते, त्यांनी सगळं ऐकलं.

"होईल गं सवय त्यांना," म्हणाले.

तेव्हापासून यांनी मला हाक मारली ना, की मी ओ देत नाही.