तपासणीच्या सकाळच्या गोळ्या

तपासणीच्या सकाळी ताईला दुखणं थांबवायच्या गोळ्या मीच दिल्या. एक नाही, दोन. ती नको म्हणत होती. "आज ऱ्हाऊ दे. काय व्हतंय ते डाक्टरला दिसू दे," असं तिनं दोनदा सांगितलं. प्रवास झेपणार नाही, असं मी म्हणालो. खरं कारण वेगळं होतं. माझ्या तळेगावच्या शाळेतले दोन शिक्षक रोज आम्ही धरणार होतो त्याच पुण्याच्या गाडीनं जातात, आणि बसता-उठताना ताई मोठ्यानं कण्हते. त्यांच्यासमोर ते मला नको होतं.

ताई मळवलीला एकटी राहते. नवरा गेल्यावर तिनं तुंगार्लीच्या एका बंगल्यावर बारा वर्षं काम केलं. शनिवार-रविवार पाहुणे, सोमवारी त्यांचा पसारा. ओल्या गाद्या जिन्यानं गच्चीत न्यायच्या, दोन मजले वाकून पुसायचे. कंबर धरली ती सुटलीच नाही. कळ डाव्या टाचेपर्यंत उतरते. भात शिजेपर्यंतही तिला ओट्याशी उभं राहता येत नाही. मालकानं दुसरी बाई ठेवली. अपंगत्वाचा दाखला चाळीस टक्क्यांचा मिळाला असता, तर तिला दरमहा सरकारी मदत सुरू झाली असती आणि माझ्यापुढे हात पसरावा लागला नसता.

पुण्याच्या सरकारी रुग्णालयात आमचा नंबर लागेपर्यंत गोळ्या चांगल्याच लागू पडल्या होत्या. डॉक्टरांनी वाकायला सांगितलं, ती वाकली. पाय उचलायला सांगितला, तिनं उचलला. सांधा किती हलतो ते मोजून त्यांनी आकडे लिहिले. कळ किती येते, याला कागदावर रकानाच नव्हता. तेवढ्यात टेबलावरून एक्स-रेचं पाकीट खाली पडलं. ताईनं चटकन वाकून ते उचललं, पदरानं पुसलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"मावशी, माझ्यापेक्षा लवकर वाकलात की," डॉक्टर म्हणाले.

दाखल्यावर पंधरा टक्के आले.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर ओरडलो. पाकीट उचलायची काय गरज होती? पडलेलं दिसलं की हात जातो, एवढंच ती म्हणाली. पुढे वर्षभर मी हा किस्सा सांगत फिरलो, घरी, शाळेत, भावकीत. ताईनं स्वतःच्या हातानं दाखला घालवला म्हणून कुणी हळहळलं, कुणी हसलं. गोळ्यांचं मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. त्या वर्षी ताई एका हॉटेलात स्टुलावर बसून भांडी घासत होती.

शेवटी फेरतपासणीसाठी अर्ज करायचं ठरलं. मी तो लिहून मळवलीला नेला. बायको बरोबर होती. ताई म्हणाली, वाचून दाखव. "मागील तपासणीच्या वेळी अर्जदारास आपला त्रास नीट दाखवता आला नाही," इथवर मी वाचलं.

"ह्ये बी माझ्यावरच का?" ताईनं विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता. "गोळ्या कुणी दिल्या, ते लिव की."

बायको माझ्याकडे बघत राहिली. मला उगाच वाटत होतं, ताई ते विसरली असेल. मी ती ओळ खोडली. मग बायकोसमोरच सगळं सांगितलं.

"ताई, त्या मास्तरांसमोर मला तुझी लाज वाटली," मी म्हणालो. "म्हणून गोळ्या दिल्या. आणि वर्षभर दोष तुलाच दिला. माझं चुकलं. मला माफ कर."